आजारी प्रवाळाची शुश्रूषा

(गोव्यातील शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी भरलेल्या एका उद्बोधन वर्गात प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त अध्यापकांनी दिलेले व्याख्यान.)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. माडावरचा भुंगा, गुरांचा लाळरोग, पावसाळ्यातील विहिरीचे पाणी असे जिव्हाळ्याचे विषय सोडून हा गृहस्थ समुद्रातल्या पोवळ्याच्या दुखण्याविषयी काय सांगत बसणार, अशी शंका येणे साहजिक आहे. यास्तव हा विषय मी का घेतला, ते प्रथम सांगतो.

गतवर्षी एका सायंकाळी एक प्राथमिक शिक्षक प्लॅस्टिकची बादली घेऊन माझ्या घरी आले. त्यांच्या सातवीतल्या एका मुलाने मामाबरोबर होडीतून मुरगावजवळच्या ग्रँड बेटापर्यंत सफर केली होती. तेथे उथळ पाण्यात पायाला लागलेला मुठीएवढा तपकिरी गड्डा त्याने उचलून आणला आणि मोठ्या हौसेने शाळेला दिला. शाळेत माशांची काचेची पेटी होतीच. शिक्षकांनी तीत नळाचे पाणी भरले, स्वयंपाकाचे मीठ विरघळवले आणि गड्डा आत ठेवला. दोन दिवसांत पाणी गढुळले, दुर्गंधी सुटली आणि गड्डा पांढरा पडला. "सर, याला वाचवण्याचा काही उपाय आहे काय?" असे त्यांनी मला विचारले. मी पाहिले, तेव्हा वाचवण्यासारखे त्यात काहीच उरले नव्हते.

परंतु तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. कारण त्यापूर्वी काही महिने मी दुबईत माझ्या मुलीकडे राहून आलो होतो आणि तिच्या दिवाणखान्यातील पेटीत मरणाच्या दारातून परतलेले एक प्रवाळ मी प्रत्यक्ष पाहिले होते. एक का जगले आणि दुसरे का मेले, याचा उलगडा करणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आरंभी एक घोटाळा दूर करू. आपण अंगठीत घालतो ते तांबडे पोवळे आणि समुद्रात खडक बांधणारे प्रवाळ हे परस्परांचे दूरचे आप्त आहेत, एक नव्हेत. दागिन्यातील उत्तम तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येत असे. अठराव्या शतकात इटलीतील लिव्होर्नो बंदरातील ज्यू व्यापारी ते गोव्यास पाठवीत आणि येथील सारस्वत व्यापाऱ्यांमार्फत त्याच्या मोबदल्यात हिरे नेत. तेव्हा पोवळ्याशी गोव्याचे नाते जुने आहे. ते व्यापाराचे आहे एवढेच. आज मी बोलणार आहे ते खडक बांधणाऱ्या प्रवाळाविषयी.

हे प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. ती लहान लहान प्राण्यांची वसाहत असते. या प्राण्यास पॉलिप म्हणतात. मऊ पिशवीसारखे शरीर, वर एकच तोंड, तोंडाभोवती संस्पर्शकांचे कडे आणि खाली स्वतःच रचलेले चुन्याचे घर, अशी त्याची रचना असते. शेकडो पॉलिप एकाच पातळ कातडीने एकमेकांस जोडलेले असतात. पण खरे नवल पुढेच आहे. या कातडीच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्ती करून असते. सूर्यप्रकाशात ते अन्न तयार करते आणि त्यातील फार मोठा वाटा, कित्येक जातींत गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, यजमानास देते. प्रवाळाचा तपकिरी रंग बहुतांशी या भाडेकरूचाच असतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले, उजेड एकाएकी वाढला अथवा पाण्याचा गुण बिघडला, की हे सहजीवन मोडते व शैवाल बाहेर टाकले जाते. मग पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा चुना दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. विरंजित प्रवाळ पांढरे दिसते खरे, पण ते मेलेले नसते. ते उपाशी असते. भिंगातून पाहिल्यास चुन्यावर काचेसारखी कातडी आणि आखडलेले संस्पर्शक दिसतात. शैवाल परत वस्तीला आले, तर काही आठवड्यांत वा महिन्यांत रंग परततो. मेलेल्या प्रवाळावर मात्र कातडी नसते आणि थोड्याच दिवसांत हिरवट शेवाळ चढते. त्या बादलीतील गड्ड्यावरची कातडी लोंबत होती. माझ्या मुलीच्या पेटीतील प्रवाळावर ती टिकून होती. शुश्रूषेला वाव राहतो तो एवढ्याच अंतरात.

आता दुबईतील हकिगत सांगतो. माझ्या जावयांना खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा नाद आहे. सुमारे तीनशे लिटरची पेटी, त्यात दोन-चार मासे आणि परवान्याने आयात केलेले, रोपवाटिकेत वाढवलेले युफिलिया जातीचे एक प्रवाळ. या जातीच्या प्रत्येक फांदीच्या टोकास एक मोठा पॉलिप असतो आणि त्याच्या संस्पर्शकांची टोके हातोड्याच्या आकाराची असतात. ऑगस्ट महिन्यात घरची मंडळी दोन दिवस बाहेरगावी गेली असता पाणी गार ठेवणारे यंत्र बंद पडले. परत येऊन पाहतात तो पेटीतील पाणी बत्तीस अंश सेल्सिअस झालेले! सातही पॉलिप आखडून फिकट पडले होते.

यातला विरोधाभास पाहा. घरापासून तासाभराच्या अंतरावर इराणच्या आखातात जी प्रवाळे आहेत, ती उन्हाळ्यात चौतीस अंश आणि त्याहूनही ऊन पाण्यात तग धरतात; कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना त्याची सवय झालेली आहे. पेटीतले प्रवाळ इंडोनेशियाच्या समुद्रातल्या कुळाचे होते. त्याला बत्तीसही असह्य झाले. प्रवाळाला सोसणारे तापमान ठरते ते त्याच्या माहेरच्या पाण्यावर. माहेरच्या नेहमीच्या उन्हाळ्याहून पाणी एक-दोन अंशांनी वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, तरी समुद्रातसुद्धा विरंजन सुरू होते.

मूळ अपघाताने जेवढी हानी झाली नसती, तेवढी पुढच्या तीन दिवसांत घाबरल्यामुळे झाली. रंग उडाला म्हणून जावयांनी दिव्याचा प्रकाश वाढवला. वस्तुतः शैवाल नसलेल्या कातडीला प्रखर उजेड म्हणजे भाजलेल्या हाताला ऊन. एका विक्रेत्याच्या सल्ल्यावरून त्यांनी अल्कता वाढवणारी बाटली ओतली व एका रात्रीत ती कार्बोनेट काठिण्याच्या सात जर्मन अंशांवरून अकरावर गेली. शिवाय प्रवाळ हलवून तीनदा जागा बदलली. चौथ्या दिवशी एका फांदीवर तपकिरी बुळबुळीत थर आला, कातडी सुटू लागली आणि शेजारच्या फांदीकडे तो थर सरकू लागला. या रोगाला पाळणारे लोक 'तपकिरी जेली' म्हणतात. त्या थरात सूक्ष्म केसल आदिजीव लाखोंनी वळवळत असतात. तो पसरण्यास दोन दिवसही पुरतात.

मी प्राणिशास्त्र शिकवले होते, पण आजारी प्रवाळ हाताळले नव्हते. तरीही शिक्षकाची एक सवय कामी आली, ती म्हणजे आधी मोजमाप करणे. आम्ही पाण्याच्या सगळ्या चाचण्या घेतल्या, वहीत लिहिल्या आणि मग काय करावयाचे ते ठरवले.

प्रथम रोगी भाग वेगळा केला. पेटीतले पाणी एका भांड्यात घेऊन प्रवाळ अलगद त्यात आणले, जेणेकरून तो थर पेटीत विखुरणार नाही. बारीक नळीने थर ओढून काढून टाकला. जी फांदी गेली होती, ती आणि जिला नुकताच संसर्ग लागला होता ती, अशा दोन फांद्या निरोगी भागाचा थोडा अंश घेऊन खाली चुन्याच्या देठातून कापल्या. युफिलियाच्या फांद्या सुट्या असल्याने हे साधले. उरलेल्या पाच फांद्या आयोडीनयुक्त औषधाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवल्या. औषधाचे प्रमाण बाटलीवर लिहिलेले तेवढेच आणि ते मिसळलेले पाणी मागाहून फेकून दिलेले. पेटीत परत ओतलेले नव्हे. हातात रबरी मोजे होते. याविषयी एक इशारा येथेच देतो. झोअँथिड नावाचे बटणासारखे दिसणारे, प्रवाळांचे चुलतभाऊ शोभणारे काही प्राणी पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष बाळगतात. ते खडकावर असताना खडक उकळला, ब्रशने घासला अथवा जखमी हाताने धरला, तर माणसाच्या जिवावर बेतू शकते. परदेशात घरातील सगळी माणसे अशा वाफेने इस्पितळात पोहोचल्याची उदाहरणे आहेत.

दुसरे काम पाण्याचे. तापमान एका दिवसात हळूहळू सव्वीस अंशांवर आणले. अल्कता ताबडतोब खाली ओढण्याचा मोह टाळला. रोज थोडेथोडे पाणी बदलल्याने ती आठ-नऊ अंशांवर आपोआप आली. दिव्याचा प्रकाश निम्म्यावर आणला आणि पुढे चार आठवड्यांत पायरीपायरीने पूर्ववत केला. पाण्याचा प्रवाह असा ठेवला की संस्पर्शक हलावेत, पण झोडपले जाऊ नयेत. पाण्यातील विषारी द्रव्ये शोषून घेण्यासाठी सक्रियित कोळशाची पिशवी टाकली. एवढे झाल्यावर जावयांना मी एकच अट घातली: पंधरा दिवस पेटीत हात घालावयाचा नाही. हा उपचार सर्वांत कठीण गेला.

तिसरे काम अन्नाचे. शैवाल गेलेला पॉलिप उपाशी असतो. पण त्याला तोंड आहे आणि तो शिकारीही आहे. संध्याकाळी दिवे मंदावल्यावर संस्पर्शक जरासे बाहेर येत, तेव्हा कोळंबीचा अगदी बारीक कीस पिचकारीने त्यांच्यावर सोडीत असू. आठवड्यातून दोनदा, आणि न खाल्लेला कण उचलून घेत असू. पहिले दहा दिवस कोणी घास घेतला नाही. अकराव्या दिवशी एका पॉलिपने कीस धरून तोंडाकडे नेला, तेव्हा माझी मुलगी स्वयंपाकघरातून हातातले लाटणे घेऊन धावत आली होती. पाचांपैकी एक पुढे गेलाच. उरलेल्या चार पॉलिपांवर सहाव्या आठवड्यात तपकिरी छटा आली. पूर्वीचा आकार यायला सात-आठ महिने लागले, असे तिने मला दूरध्वनीवर सांगितले.

आता त्या शाळेच्या पेटीकडे वळू. तिथे नेमके काय चुकले? सर्व मीठ समुद्राचेच, मग समुद्र का झाला नाही, असे शिक्षकांनी मला विचारले होते आणि प्रश्न उत्तम आहे. मिठागरात मीठ जमते, तेव्हा त्याआधी चुना व जिप्सम बसून गेलेले असतात आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात निघून जातात. जेवणाच्या मिठात राहतो तो मुख्यतः सोडियम क्लोराइड. प्रवाळाला घर बांधण्यास लिटरमागे सुमारे चारशे ते साडेचारशे मिलिग्रॅम कॅल्शियम, साधारण तेराशे मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि पुरेसे बायकार्बोनेट लागते. पाण्याचा खारेपणा हजारी पस्तीस, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ असावे लागते. ते जिभेवर ओळखता येत नाही, मोजावे लागते. त्यातून नळाच्या पाण्यात क्लोरीन होते. आणखी मोठी गोष्ट म्हणजे पेटी नवी होती. प्राण्यांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो आणि त्याचे निरुपद्रवी रूपांतर करणारे जीवाणू नव्या पेटीत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. शेणखत न कुजवता रोपाच्या मुळाशी घातले, तर रोप जळते, हे आपल्याला सांगावयास नको. तसेच हे आहे.

तांब्याविषयीही सांगितले पाहिजे. माशांवर पांढरे ठिपके पडले की पेटीत तांब्याचे औषध घालण्याची रीत आहे. आपण सुपारीच्या बागेत कोळेरोगावर ज्या मोरचुदाचे बोर्डो मिश्रण फवारतो, तेच हे द्रव्य. माशाला ते मापात सोसते. प्रवाळ, कोळंबी, शिंपले यांना थेंबभरही सोसत नाही. खडकात व वाळूत ते मुरून बसते आणि महिनोन्‌महिने झिरपत राहते.

हे शास्त्र काही एका दिवसात सिद्ध झालेले नाही. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी, समुद्रातले सजीव खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवता येते, असे लिहून दाखवले. पुढे बर्लिनमधील हौशी मंडळींनी फेसाने घाण काढणारे यंत्र, खडक व प्रखर दिवे यांची सांगड घातली. त्यांच्यातील डीट्रिख श्ट्यूबर यांनी वाढवलेल्या एका प्रवाळाचे कलम इतक्या हातांतून फिरले की ते प्रवाळ त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. आपल्याकडे जास्वंदीची फांदी शेजारणीला देतात, त्यातलाच हा प्रकार. हौशी लोकांनी शिकलेले हे कलमशास्त्र पुढे समुद्राच्या कामी आले, ते सांगतो. पण त्याआधी कायदा.

आपल्या देशात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ, ऑर्गनपाइप प्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही हे संरक्षण कायम आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच या गड्ड्याला. ते समुद्रातून काढणे, घरी बाळगणे, विकणे हा अपराध आहे आणि हे मेलेल्या सांगाड्यासही लागू आहे. यास्तव दुबईतील हकिगत ऐकून कोणी घरी तशी पेटी मांडण्याचा बेत करू नये. ज्यांचे नातलग परदेशात परवान्याचे प्रवाळ पाळतात, त्यांना हे ज्ञान कळवावे. तेथे ते कामाचे आहे. येथे मुलांना मत्स्यालयच दाखवावयाचे असेल, तर गोड्या पाण्याची पेटी ठेवावी. तीतही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कोणी म्हणेल, मग आम्हाला या ज्ञानाचा काय उपयोग? उपयोग समुद्रातच आहे. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर २०१४ मध्ये प्रवाळांची कातडी गळून पडण्याचा एक भयंकर रोग उद्भवला. पाणबुडे तेथे अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक मलमात कालवून रोगाच्या कडेवर हाताने लेप देतात, जसा आपण गुरांच्या खुराला देतो. निरोगी प्रवाळे उचलून देशभरच्या मत्स्यालयांत सुरक्षित ठेवण्यात आली. तेथीलच डेव्हिड वॉन यांच्या हातून एकदा टाकीच्या तळाला चिकटलेले प्रवाळ चुकून फुटले. तुकडे मरतील असे त्यांना वाटले; पण बारीक तुकडे नेहमीपेक्षा कितीतरी पट वेगाने वाढले. आज ती एक मान्य पद्धत झाली आहे. आपल्याकडे गुजरातेत मिठापूरच्या किनाऱ्याजवळ २०२० मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था व तेथील वनखाते यांनी सौम्य वीजप्रवाह दिलेल्या लोखंडी सांगाड्यावर प्रवाळाचे तुकडे बांधून वाढवण्याचा प्रयोग हाती घेतला.

तथापि पेटीतला वैद्य समुद्रात कोठे थांबतो, तेही मी लपवणार नाही. पेटीत आम्ही पाणी थंड केले. समुद्राला ते यंत्र नाही. १९९८, २०१० व २०१६ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळे विरंजित झाली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच घडले. २०२३ मध्ये फ्लोरिडाचा समुद्र इतका तापला की रोपवाटिकेतील हजारो तुकडे बाहेर काढून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले.

गोव्याजवळ प्रवाळांची वस्ती थोडी आहे. पावसाळ्यात नद्यांचा गाळ उतरतो, पाणी गढूळ असते, प्रकाश अपुरा पडतो. अशा हलाखीत ग्रँड बेटाजवळ जी आहेत, ती चिवट आहेत. उत्तरेस मालवणचा समुद्र १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत खोल समुद्रात आंग्रिया बँक हा बुडीत पठाराचा प्रदेश प्रवाळांनी संपन्न आहे. तापमानावर आपला इलाज नाही. पण आजाऱ्यावर नांगर टाकू नये, एवढे तरी होडीवाल्यांना करता येईल. प्रवाळाच्या खडकावर नांगर न टाकता कायमच्या बोयऱ्याला होडी बांधावी. प्रवाशांना पाण्यात उतरवताना खडकावर उभे राहू देऊ नये. कातडी कागदाएवढी पातळ असते आणि टाचेखाली फाटते. जाळ्यात प्रवाळाचा तुकडा अडकून आला, तर काठावर न आणता तेथल्या तेथे पाण्यात सोडावा. होडीवाले याबाबत ऐकत नाहीत असा अधिकाऱ्यांचा समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. त्यांना कारण कोणी सांगितलेले नसते.

राहता राहिला तो बादलीतला गड्डा. कायद्याप्रमाणे अशी वस्तू हाती आल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा अधिकृत अधिकाऱ्यास कळवावे लागते. शिक्षक घाबरले होते. मुलाला शिक्षा होईल अशी त्यांना भीती होती. मी त्यांच्याबरोबर वनखात्याच्या कार्यालयात गेलो आणि घडले तसे सांगून तो सांगाडा स्वाधीन केला. तेथील अधिकाऱ्यांनी नोंद करून घेतली आणि मुलाला शाळेत येऊन भेटण्याचे कबूल केले. ते पुढच्या महिन्यात खरोखरच गेले. मुलाने त्यांना विचारले, तो गड्डा किती वर्षांचा होता? अशा गोल गड्ड्यांची वाढ बहुधा वर्षाकाठी सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे तो त्या मुलाच्याच वयाचा असावा.